काजळ्या सरदार लंगडला त्याची गोष्ट

एका राज्यात, जिथं ढग खाली उतरून विहिरीचं पाणी पितात, तिथं सोमदंड नावाचा राजा होता. मिशा एवढ्या की जेवताना दोन दासी त्या धरून उभ्या. हसू नका, मिशांचा काही दोष नव्हता.

त्याच्या गडाच्या पोटात शापित सोन्याचा हंडा होता. रोज दिवस मावळायच्या आत काळ्या कुत्र्यानं गडाला एक फेरा घालायचा, की हंडा झोपून राहायचा. फेरा चुकला की सोनं जागं व्हायचं आणि राजाच्या लेकीच्या अंगावर चढायचं, रोज चार बोटं.

काजळ्या हा तो कुत्रा. त्यानं बारा वर्षं फेरा चुकवला नाही. राजानं त्याला सरदार केलं. आता सरदार काय मातीत चालणार? गडाभोवती मखमल अंथरली. निजायला संगमरवराचा चौथरा, खायला रोज तुपातले सात लाडू. तिसऱ्या प्रहरी नगारा वाजला की सरदारांची स्वारी निघायची.

एक दिवस काजळ्या लंगडला. अर्ध्या वाटेत बसला तो उठेचना. सूर्य बुडाला. राजकन्या मेघावतीची पावलं सोन्याची झाली.

"बाबा, पाय गार पडलेत," ती म्हणाली. "किती वर येणार हे?"

राजानं मांत्रिकाला बोलावलं. तो म्हणाला, "महाराज, सरदारांच्या पायात पिशाच्च शिरलंय." त्यानं पायाला लिंबू बांधलं. काजळ्यानं ते हुंगलं आणि शिंकला. असे पाच दिवस गेले. सोनं गुडघ्याला आलं.

खिडकीत एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "एवढा मोठा गड सोडून पिशाच्च कुत्र्याच्या पायात राहायला गेलं होय?"

"तुला कळतं तर सांग, बाई," राजा म्हणाला.

"तीन कामं आहेत. तुमच्याच हातानं करायची."

"सांग."

"पहिलं. पंजा मांडीवर घ्या."

राजानं घेतला. काजळ्या गुरगुरला, मग राजाही गुरगुरला. मखमलीवर चालून नखं झिजलीच नव्हती. एक तर वळून तळव्यात रुतलं होतं. राजानं ते कापलं, हळद भरली, मखमल गुंडाळून ठेवली. काजळ्या थोडा पुढं गेला आणि बसला.

"दुसरं. लाडू बंद."

"अगं, सरदाराचा मान असतो."

"तो मान पोटाला आलाय, महाराज. चार पायांवर दोन कुत्र्यांचं ओझं आहे."

लाडू बंद झाले. काजळ्या तीन दिवस राजाकडं पाठ करून बसला. चौथ्या दिवशी पाऊण फेरा झाला. सोनं कमरेला आलं.

"तिसरं. त्या गार दगडावर म्हाताऱ्याचे सांधे आखडतात. गवताची गादी घाला, सकाळी कोमट तेल चोळा."

राजा रोज गवतात बसून तेल चोळू लागला. काजळ्या डोळे मिटून घ्यायचा. तरी चालताना पाय ओढतच होता. दरवाजा शंभर पावलांवर असतानाच दिवस बुडायचा. सोनं गळ्यापाशी पोचलं. मेघावतीला बोलणं जड झालं.

राजा खिडकीशी धावला. "साळुंकीबाई, अजून लंगडतोय. चौथं काम सांग."

"चौथं नाही. उरलंय ते म्हातारपण. ते कुणाला काढता येत नाही. तो हळूहळूच चालणार."

"मग मी काय करू?"

"नगाऱ्याची वाट कशाला बघता? सकाळीच निघा."

एवढी साधी गोष्ट, पण नगारा तिसऱ्या प्रहरीच वाजवायची रीत, त्यामुळं कुणाला सुचलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडताच राजा काजळ्याबरोबर निघाला. काजळ्या बसला की राजा बसायचा. काजळ्या पाणी प्यायला थांबला की राजा ढगांकडं बघायचा. ऊन डोंगराच्या कडेला टेकलं आणि दोघं दरवाजात शिरले.

मेघावतीच्या अंगावरचं सोनं वितळून पायाशी आलं आणि जमिनीत मुरलं. हंडाही गडाच्या पोटातून कायमचा निघून गेला. जो राजा राखणदाराच्या पावलानं चालतो, त्याच्या घरात राहायचं नाही असा हंड्याचा नियम होता.

आता फेऱ्याची गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काजळ्या एक पाय ओढत दरवाजात येऊन उभा राहिला. मागं वळून बघू लागला. राजानं जोडे घातले.