रंगरावांचं कुलूप

“शाळा माझी, मग ती बंद करायला मी कुणाला विचारू, बाबा?”

रंगराव भोईटे दर्ग्याच्या पायरीशी उभे होते. हातात नवं पितळी कुलूप. आमच्या माळावरची शाळा त्यांनीच काढलेली. दर्ग्यातल्या जमालबाबांना गुरू मानायचे, पण मान काही वाकायची नाही.

बाबा मोरपिसांचा कुंचा बांधत होते.

“जागा कुणाची?”

“माझी.”

“भिंती, पत्रा?”

“माझेच. खाजगी शाळा आहे, बाबा. सरकारनं मान्यता दिली, अनुदान नाही. मास्तरांचा निम्मा पगार फीतून निघतो, निम्मा मी घालतो. आता फी देणारे म्हणतात, कमिटीवर आमची दोन माणसं घ्या, हिशेब दाखवा. मला शिकवतात.”

“मग तुझीच आहे,” बाबा उठले. “चल, दाखव तुझी शाळा.”

रविवार होता. माळावर चिटपाखरू नव्हतं. वर्ग आम्ही पोरांच्या आयाच सारवायचो; त्या दिवशी पाळी माझी होती. शेणाच्या हातानंच मी दारातून बाजूला झाले.

बाबा आत डोकावले.

“हे तर गोदाम आहे. शाळा कुठंय?”



पडवीत रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला, तीच शाळेची घंटा. बाबांनी रंगरावांच्या हातातलं कुलूप घेतलं आणि रुळावर हाणलं. ठण्ण... ठण्ण... ठण्ण...

पहिली धावत आली सुताराची पारू, एक वेणी घातलेली, एक सुटलेली. मागं पोरांचा लोंढा. त्यांच्यामागं आया, बाप. बर्गे मास्तर तर गालावरचा साबण तसाच घेऊन आले.

“अरे, आज सुट्टी आहे,” रंगराव म्हणाले.

“मग घंटा कशी झाली?” पारू म्हणाली, आणि आत जाऊन बसलीसुद्धा.

“ओलं आहे गं ते.” मी सांगतेय, पण ऐकतंय कोण? सगळा वर्ग भरला.

बाबांनी कुलूप रंगरावांच्या तळहातावर ठेवलं.

“घे. लाव.”

रंगराव भरल्या वर्गाकडे बघत राहिले...

मग त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याची कड टर्रकन फाडली आणि त्या चिंधीनं कुलूप रुळाशेजारी, टोले द्यायला, टांगून टाकलं. आयाबापांकडे वळले.

“दोन माणसं कुठली देताय? त्यात एक बाईमाणूस असू द्या. आणि मास्तर, हिशेब उद्यापासून फळ्यावर लिहा. सगळ्यांना दिसेल असा.”

पोरांनी असा कल्ला केला, की पत्रा थरथरला. रंगरावांनी वाकून बाबांच्या पायाला हात लावला.

“आता झाली तुझी,” बाबा म्हणाले.