बारा भाऊबंद

टेक्सासातल्या एका गावात एपिफानियो या मेक्सिकन मजुरावर घोडा चोरल्याचा खोटा खटला उभा राहिला. ज्यूरीत बाराही जण गोरे. यात एकही मेक्सिकन नाही, अशी त्याने हरकत घेतली.

जजसाहेब म्हणाले, "अरे, कायद्याने मेक्सिकन माणूस गोराच. हे बाराही तुझे भाऊबंद!"

"मग न्यायाचा घात झाला, साहेब! भाऊबंद माझीच बाजू घेणार. यांना उठवा, परके बसवा. बाहेर मेक्सिकन उभे आहेत, ते चालतील."

सरकारी वकील उसळला. "कसले भाऊबंद? यातला एकही जण याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही!"

बाराही जणांनी जोरात माना डोलावल्या.

"लिहून घ्या," एपिफानियो कारकुनाला म्हणाला. "मी यांचा कोणी नाही, हे सरकारच सांगतंय."

जजसाहेबांना ज्यूरी उठवावीच लागली.