डोळ्यावरचा गुलाल

नदीकाठच्या एका गावात गोंदाजी नावाचा म्हातारा राहत होता. त्याला एकच डोळा होता. पण गावाला त्याच्या असलेल्या डोळ्यापेक्षा गेलेल्या डोळ्याचाच अभिमान जास्त होता.

त्याचं कारण असं. या गावाचा आणि नदीपलीकडच्या गावाचा दरवर्षी जत्रेत विटीदांडूचा सामना होई. हा काही पोरासोरांचा खेळ नव्हता. दोन्ही गावं आपापल्या खेळाडूंना वर्षाचं धान्य देऊन पोसत आणि सामना बघायला सगळी पंचक्रोशी लोटे. ज्या खळीवरून विटी उडवायची, तिच्यापासून बारा पावलांवर एक रेघ असे. त्या रेघेवर समोरच्या गावाचा एक गडी उघड्या हातांनी उभा राही. टोला बसून विटी सुटली की त्याने ती झेलायची. मागे सरकायचं नाही, तोंडापुढे हात धरायचा नाही, असा नियम. आणि विटी दोन्ही टोकांना अणकुचीदार.

पन्नास वर्षांपूर्वी त्या रेघेवर गोंदाजी उभा होता. विटी डोळ्यात घुसली, तरी त्याने झेल सोडला नाही आणि गाव जिंकलं, असं सगळे सांगत. तेव्हापासून एक चाल पडली होती. सामन्याआधी रेघेवर उभा राहणारा गडी गोंदाजीसमोर येई, त्याच्या मिटलेल्या पापणीला गुलाल लावी आणि मगच मैदानात उतरे.

मागच्या वर्षी रेघेवर हैबती होता. विटी त्याच्या जबड्यावर बसली आणि पुढचे चार दात गेले. वर्षभर तो भाकरी दुधात कुस्करून खात होता. म्हणून यंदा जत्रेच्या आठ दिवस आधी पाटलांनी पारावर बैठक बोलावली.

लिंबाजी सुतार आधी बोलला. दोन्ही गावांच्या विट्या तोच घडवी. त्याने सांगितलं, की त्याचे वडील आंब्याच्या लाकडाची विटी करत. आता खेळाडूच खैराची मागतात, कारण ती लांब जाते. गडीसुद्धा वर्षभर दुसरं काम न करता दांडूच घुमवतात. विटी पूर्वीपेक्षा दुप्पट जोराने सुटते आणि रेघ मात्र आहे तिथेच आहे. ती दहा पावलं मागे घ्यावी आणि विटीची टोकं बोथट करावीत, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

लोक हसले. एकाने विटी कापसाची करायला सांगितली. दुसरा म्हणाला, रेघेवर गादी आणि लोड मांडा. मिठाईवाल्याला वाटलं, धोका गेला तर गर्दीही जाईल. काही जाणत्या माणसांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. समोरून विटी येत असताना जागा न सोडण्याची हिंमत, हाच या खेळाचा जीव आहे, असं ते म्हणाले. आज एक नियम ढिला केला, उद्या दुसरा केला, तर मागे उरेल काय?

हैबती तोंडावर उपरणं धरून बसला होता. तो म्हणाला, "माझे दात सापडले तर जत्रेत मांडा. तेही बघायला लोक येतील."

हसावं की नाही, ते कुणाला कळेना. शेवटी पाटील गोंदाजीकडे वळले. "बाबा, तुम्ही सांगा. ज्याने डोळा दिला, त्याचा शब्द अखेरचा."

गोंदाजीला एक गोष्ट माहीत होती, जी आता दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. त्या दिवशी त्याने झेल घेतलाच नव्हता. विटी लागली तसा तो आडवा झाला आणि विटी गवतात पडली. धुळीत आणि आरड्याओरड्यात त्याच्या मागे खेळणाऱ्या जोडीदाराने ती उचलून त्याच्या मुठीत कोंबली. गोंदाजी चार दिवसांनी शुद्धीवर आला, तोवर गोष्ट गावभर झाली होती. जोडीदाराने खरं काय ते फक्त त्याला सांगितलं आणि पुढे तो वारला. गोष्ट मात्र राहिली. ती नसती तर लोक गोंदाजीला नुसता काणा म्हणाले असते. ती होती, म्हणून बाबा म्हणत होते.

"रेघ आहे तिथेच राहू द्या," गोंदाजी म्हणाला. बैठक उठली.

सामन्याच्या दिवशी ढोल वाजू लागले. यंदा रेघेवर केरू उभा राहणार होता. केरू बावीस वर्षांचा, लग्नाला सहा महिने झालेले. तो गुलालाचं ताट घेऊन गोंदाजीसमोर गुडघ्यावर बसला. त्याने पापणीला बोट लावलं आणि ते तिथेच राहिलं.

अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "बाबा, लागलं तेव्हा लई दुखलं का?"

पन्नास वर्षांत इतक्या जणांनी गुलाल लावला, पण हा प्रश्न गोंदाजीला कुणी विचारला नव्हता. त्याने केरूचं मनगट धरलं.

"दुखलं. मी आईला हाका मारत होतो." मग तो म्हणाला, "आणि झेल सुटला होता, केरू."

म्हातारा काठी टेकत उठला. त्याने हात वर करून ढोल थांबवले आणि दोन्ही गावांसमोर सगळं सांगितलं. जोडीदाराने विटी मुठीत कशी कोंबली तेही सांगितलं, आणि आपण गप्प का बसलो तेही.

मग गर्दीतून आवाज आला, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही खोट्याला गुलाल लावला."

"खोट्याला लावलात," गोंदाजी म्हणाला. "पण डोळा खरा गेला. रेघ मागे घ्या."

नदीपलीकडच्या गावाचा म्होरक्या पुढे आला. "मग तो डाव आमचा होता," तो म्हणाला. आता भांडण जुंपणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो पुढे म्हणाला, "असू दे. त्याचं उट्टं आज काढू. रेघ मागे घ्या. आमचाही गडी तिथेच उभा राहतो की."

पाटील घुटमळले. मग त्यांनी दांडू गोंदाजीच्या हातात दिला. म्हाताऱ्याने दहा पावलं मोजली आणि दांडूच्या टोकाने नवी रेघ ओढली. लिंबाजीने तिथेच मांडी घालून विटीची टोकं कानशीने घासली. काही लोक कुरकुरत निघून गेले. बाकीचे थांबले.

विटी सुटली. पूर्वी ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत अंगावर येई. आता केरूला ती येताना दिसली, आणि तिच्यासाठी पळावंही लागलं. तो डावीकडे धावला आणि त्याने सबंध अंग झोकून दिलं. लोक बसल्या जागेवरून उठून उभे राहिले. मिठाईवाला तराजू हातात धरून तसाच बघत राहिला. विटी केरूच्या बोटांना लागली आणि निसटली.

गाव हरलं.

संध्याकाळी केरू ओलं फडकं घेऊन गोंदाजीच्या ओसरीवर आला. त्याने म्हाताऱ्याच्या पापणीवरचा गुलाल पुसला. मग खाली मान घालून म्हणाला, "झेल सुटला, बाबा."

"माझाही सुटला होता," गोंदाजी म्हणाला. "पण तू आता घरी जाऊन बायकोकडे दोन्ही डोळ्यांनी बघशील. जा, वाट बघत असेल."

पुढच्या वर्षापासून गुलाल रेघेवर टाकू लागले. आणि कुणाला रेघ अजून मागे हवी असली किंवा पुढे, तर तो आधी हैबतीशेजारी बसून जेवतो आणि मगच बैठकीत बोलतो.

तात्पर्य: जुना नियम ठेवायचा की बदलायचा, हे ठरवताना नुसती त्याची थोरवी ऐकू नये. ज्याने त्याची झळ सोसली त्याला विचारावं, आणि त्यानेही मानापायी खरं लपवू नये.