राणीला पायऱ्या उतरवेनात

आपल्या पणजोबांनाही जुनी वाटायची, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. एका राजाचं मन डोंगरातल्या मेंढपाळाच्या मुलीवर जडलं, आणि साळू राणी होऊन राजवाड्यात आली.

माहेरी ती पहाटे दळायची, झऱ्याचं पाणी भरायची, दिवसभर मेंढरांमागे डोंगर चढायची. भूक लागली की फडक्यातली नाचणीची भाकरी आणि कांदा. राजवाड्यात हंडा उचलायला दासी होत्या, देवळात जायला पालखी होती. दोन्ही वेळा तुपात निथळणारी पक्वान्नं. राजाचा तिच्यावर फार जीव. तो स्वतः आग्रहाने वाढायचा.

वीस वर्षं गेली. राणीचं अंग सुटलं, गुडघे सुजले, चार पावलांत धाप लागू लागली. वैद्यांनी मात्रा उगाळल्या, लेप लावले. गुण येईना. "हा हिवाळा कठीण दिसतो, महाराज," ते राजाला हळूच म्हणाले.

राजाने राणीच्या आईला आणायला पालखी पाठवली. पालखी रिकामीच परत आली. साठी उलटलेली म्हातारी तिच्यापुढे झपझप चालत होती.

आईला पाहून राणी जिन्यापर्यंत आली आणि कठडा धरून थांबली. पायऱ्या उतरवेनात. तिच्या डोळ्यांना धार लागली. शेवटी म्हातारीच वर चढून आली.

"साळे, मी तीन दिवस चालत आले गं. आणि तुला बारा पायऱ्या जड झाल्या?" तिने लेकीचे सुजलेले पाय मांडीवर घेतले. "ह्याच पायांनी कोकरामागं कडा उतरायचीस तू."

राणी हुंदके देत म्हणाली, "आई, मरायच्या आत एकदा आपल्या झऱ्याचं पाणी पाज."

"इथं आणून नाही पाजणार. तू यायचं. चालत."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी तिला हाताला धरून, एकेक पायरी उतरवत परसात नेऊ लागली. आधी विहिरीपर्यंत, मग चिंचेपर्यंत. पोटात दोन घासांची जागा उरली की ताट सरकवायची. आचारी रुसला. राणी भुकेने रडायची. एकदा तर म्हणाली, "तू आई आहेस की वैरीण?" म्हातारीने ऐकून घेतलं, आणि सकाळी पुन्हा हाक मारली.

हिवाळा सरला. आणखी दोन सरले. मग एके दिवशी राणी चालत माहेरी गेली. झऱ्यावर ओंजळीने पाणी प्याली, करवंदाच्या जाळीत लहानपणीसारखे हात ओरबाडून घेतले आणि खळखळून हसली.

परत आल्यावर ती राजाला म्हणाली, "महाराज, उद्यापासून तुम्हीही चला ना माझ्याबरोबर."

"घोडे कशाला पाळलेत मग?" राजा हसला आणि त्याने आणखी एक लाडू उचलला. साठी गाठायच्या आतच, एका दुपारी जेवून उठताना तो कोसळला. पुन्हा उठलाच नाही.

राणी नव्वदीपर्यंत जगली. रोज नदीकाठी चालायची. चालता चालता मध्येच थबकायची.

"दमलात, आजीसाहेब?" नातसुनेने एकदा विचारलं.

"नाही गं. तुझ्या आजेसासऱ्यांची आठवण आली. पस्तीस वर्षं एकटीच चालतेय. थोडं चालले असते माझ्याबरोबर, तर अजून सोबत असती." तिने पदराने डोळे टिपले आणि पुढे चालू लागली.

बोध: दोन घास कमी खाणारं आणि चार पावलं जास्त चालणारं माणूस आपल्या माणसांना अधिक वर्षं पुरतं.