अर्धा तांब्या गोडं पाणी

“ताई पाण्यानं गेली का?”

हा प्रश्न मी डॉक्टरला विचारला. त्यानं कागद उलटा करून पाहिला, मग पुन्हा सुलटा केला. बाबांना विचारला. ते उठून गोठ्यात गेले. विहिरीचं पाणी बाटलीत भरून न्यायला एक माणूस आला होता, त्याला विचारला. त्यानं माझंच नाव आणि वय लिहून घेतलं.

उत्तर कोणीच दिलं नाही.

आमचा सगळा पट्टा खारा. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, लागतं ते खारंच. ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तिचं नाव सिंधू. मी तीन वर्षांचा असताना आई वारली, तेव्हापासून मला ताईनंच वाढवलं. शाळेत तिनंच घातलं. सातवीतून मी पळून आलो तेव्हा तुराटी घेऊन गावभर माझ्यामागे धावली तीही तीच.

दवाखान्यात जायच्या पंधरा दिवस आधी तिनं घरामागच्या तुकड्यात टमाट्याची रोपं लावली होती. एकशे साठ.

ती गेली त्या दिवशी मी विहिरीवर गेलो, मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली विहिरीत फेकली.

मग गावातल्या नळाचं गोडं पाणी सायकलवर आणायला लागलो. दोन डबे मागे, एक पुढे. प्रत्येक रोपाला अर्धा तांब्या. एकाला जास्त नाही, एकाला कमी नाही.

तरी पानांच्या कडा जळाल्या. तेरवी झाली त्या दिवसापर्यंत अकरा रोपं माना टाकून गेली होती.

तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी मी सुभानशा बावांकडे गेलो.

सुभानशा बावा म्हणजे आमच्या गावाबाहेरच्या दर्ग्यातले फकीर. वय विचारलं तर सांगतात, “गुडघ्याचं सांगू का माहं?” दर्ग्यामागे त्यांचे टमाटे असतात, मुठीएवढे. ताई त्यांच्याकडे शिकायला जायची. मी कधी गेलो नव्हतो. फकिराकडून शेती काय शिकायची, असं मला वाटायचं.

बावा बकरीच्या पायातला काटा काढत बसले होते.

“बावा, टमाटे मरून रायले.”

“किती पाणी देतोस?”

“अर्धा तांब्या. झाडामागे.”

“गोडं?”

“गोडं. नळाचं.”

“अन् विहीर?”

“तिले कुलूप लावलं.”

बावांनी मान वर केली.

“विहिरीले?”

“मोटारीच्या पेटीले.”

“किल्ली?”

“विहिरीत.”

बावा एवढे हसले की बकरी तीन पायांवर उठून पळाली.

“म्हणजे कैद्याच्याच खिशात किल्ली ठेवली तू.”

मला राग आला. राग आला की माझा आवाज चढतो.

“हसू नका बावा. त्या पाण्यानं माही ताई खाल्ली.”

बावा हसायचे थांबले.

“खाल्ली का?”

“मले मालूम नाई…”

“मलेही मालूम नाई, बेटा.”

एवढ्या दिवसांत असं तोंडावर म्हणणारा तो पहिला माणूस. मी खाली बसलो. बकरी परत आली, तिनं माझी बाही चावली.

बाही सोडवत मी विचारलं, “तुमचे टमाटे कोणत्या पाण्यावर आहेत?”

“दर्ग्याच्या विहिरीच्या. तुह्या विहिरीपेक्षा खारं आहे. चहा टाकला तर दूध फाटते.”

“मग झाडांवर काही फुंकर मारता का?”

“फुंकर मारतो ना.”

“कोणती?”

“चूल पेटत नसली की मारतो.”

मी उठलो. म्हटलं, म्हातारा माझी टिंगल करतो आहे. चार पावलं गेलो असेन.

“हरिदास,” बावा मागून म्हणाले, “तुही ताई मले उस्ताद म्हणायची. अन् ऐकायची एक नाई. तू कमीत कमी उस्ताद तरी नको म्हणू. चाल, तुहं वावर दाखव.”

वाटेत बावा तीनदा थांबले. एकदा गुडघ्यासाठी, एकदा बिडीसाठी, आणि एकदा कोणाच्या तरी म्हशीची चौकशी करायला. तिला रेडकू झालं होतं, ते ऐकून त्यांना फारच आनंद झाला. माझी झाडं मरत होती आणि हे म्हशीचं विचारत होते. मी दातओठ खाल्ले.

तुकड्यात आल्यावर त्यांनी झाडाकडे पाहिलंच नाही. बुंध्याजवळ बोट टेकवलं. मातीवर पिठासारखी पांढरी पापडी धरली होती. तिचा चिमूटभर तुकडा त्यांनी माझ्यासमोर धरला.

“खा.”

“माती?”

“लहानपणी तर न सांगता खायचा. सिंधूनंच सांगतलं होतं मले.”

मी जिभेवर ठेवली… आणि थुंकलो. मिठाचा खडाच.

“यातनी कोणतं पाणी पडते?”

“गोडं.”

“दुसरं काही?”

“दुसरं काहीच नाई. थेंब नाई.”

“बरं.”

बावांनी कमरेचा धडपा सोडला. त्याच्या टोकाला गाठ होती, गाठीत मूठभर काळी माती. दर्ग्यातून निघतानाच बांधून आणली असणार.

“ही माह्या टमाट्याखालची. खारं पाणी पिऊन पिऊन वाढलेली. खा.”

मी खाल्ली. दोनदा खाल्ली, कारण माझा विश्वास बसेना. ती नुसती माती होती. ओली आणि गार. कुटाराचा, म्हणजे तुरीच्या भुशाचा थोडा वास.

“हे कसं काय?”

बावा आता झाडांच्या ओळीतून फिरत होते. जळलेल्या पानाखाली बोट घालायचे, पान उचलायचे, सोडायचे. बाजारात बांगड्या पाहाव्यात तसं.

“बावा, हे कसं काय?”

“तू याईले पाणी देतच नाई.”

“रोज देतो. सायकलचा कॅरिअर वाकला.”

“ते पाणी नव्हे. ते दया आहे. दयेनं वरची दोन बोटं माती भिजते. अन् जमिनीतलं जुनं मीठ उन्हासंगं वर येऊन त्याच दोन बोटांत बसते. मुळीच्या उशाले.”

मी मातीत बोट खुपसून पाहिलं. दोन बोटांखाली कोरडी.

“मीठ वरून येते, खालून येते. त्याचं येणं कोणाच्या हातात नाई. पण त्याले जायले वाट पायजे का नाई?”

“कोणती वाट?”

“इथं चर होता,” बावा म्हणाले. काठीनं त्यांनी तुकड्याच्या खालच्या बाजूला एक रेघ दाखवली. “गुडघाभर खोल. थेट नाल्यापर्यंत. सिंधूनं खणला होता, चार दिवस. पाचव्या दिवशी मले हाताचे फोड दाखवाले आली. म्हणे, उस्ताद, तुमच्या विद्येले फोड येतात.”

मी त्या रेघेवरून पाय मागे घेतला.

“बुजवला कोणं?” त्यांनी विचारलं.

“…मी.”

“काहून?”

“तेरवीच्या पंगतीसाठी. माणसं येतील, अंधारात कोणी पडेल म्हणून. माती टाकली अन् वरून चोपून काढली.”

मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो.

“पंगतीत कोणी पडलं का?”

“नाई.”

“मंग काम चांगलं केलं. आता उकर.”

मी कुदळ आणली. माझं असंच असतं, काही मनात आलं की मधे श्वास घेत नाही. चोपलेली माती दगडासारखी झाली होती. बावा बाभळीच्या सावलीत बसून सूचना द्यायला लागले.

“डावीकडं जाऊन रायला तू.”

“सरळच आहे.”

“सरळ असतं तर मी कायले बोललो असतो? बोलाले मले काही मजुरी मिळते?”

थोड्या वेळानं कुदळ एकदम आत गेली. ताईनं खणलेल्या चराच्या कडा खाली तशाच होत्या. मी टाकलेली भर सुटी होती, आणि तिनं तासलेली बाजू घट्ट. त्यानंतर बावांना सांगायची गरज पडली नाही. घट्ट लागलं की मी वळत होतो. चर एका ठिकाणी उगाच वाकडा गेला होता. पाहिलं तर तिथं लिंबाचं लहान रोप होतं. ते वाचवायला तिनं वाट वळवली होती. मी माती टाकताना ते रोप मला दिसलंही नव्हतं, त्याचे दोन शेंडे मातीतून वर आलेले होते. मी ते हातानं मोकळं केलं.

दुपार कलली तेव्हा चर नाल्याला लागला.

“आता विहीर,” बावा म्हणाले.

मी उभा राहिलो.

“नळाचंच पाणी जास्त आणलं तर? दिवसातून दहा खेपा मारीन. पंधरा मारीन.”

“एका खेपेत तीन डबे. पंधरा खेपा केल्या तरी मीठ खाली उतरत नाई. त्याले ढकलाले लय पाणी लागते, खारं का असेना. अन् गावानं प्यावं काय?”



“सगळं मीठ आज जाईल का?”

“नाई. आज थोडं, उद्या थोडं. वरून कुटार टाक, म्हणजे ऊन मातीले लागणार नाई अन् मीठ वर चढणार नाई. माती सुकू देऊ नको. चर बुजू देऊ नको. फळ थोडं बारीक येईल.”

“बारीक?”

“बारीक, अन् गोड. खाऱ्या पाण्याचा टमाटा जास्त गोड असते. बाजारातला खाऊन पाह्य, नुसतं लाल पाणी.”

पेटीचं कुलूप मी कुदळीच्या पाठीनं तोडलं. तीन घाव लागले. तिसऱ्या घावाला बावा म्हणाले, “कुलूप चांगलं होतं.” मी बटण दाबलं. मोटार खोकली, थोडी कुरकुरली आणि पाणी पाटात पडलं.

पाणी पाटातून आलं आणि पहिल्या सरीच्या तोंडाशी थांबलं. तिथं ढेकूळ होतं. ते काढलं की पाणी ताईच्या झाडांकडे जाणार होतं.

माझा हात त्या पाण्यात जाईना.

बावांनी मला घाई केली नाही. बिडी पेटवली. ती विझली. पुन्हा पेटवली. पाणी ढेकळामागे साचलं, कडेकडेनं वर चढलं…

मी हात घातला. पाणी गार होतं. ढेकूळ काढून टाकलं.

पहिली सरी भरली, दुसरी भरली. मी एकेक ढेकूळ काढत गेलो, एकेक बांध घालत गेलो. पांढरी पापडी आधी तडकली, मग काळी झाली, मग दिसेनाशी झाली. बावांनी सांगितलं तसं पाणी हळू सोडलं, बराच वेळ सोडलं. उन्हं पिवळी व्हायला लागली तेव्हा चराच्या भिंतीला पाझर फुटला. आधी घामासारखा. मग धार झाली आणि नाल्याकडे निघाली.

बावा गुडघा धरून वाकले. चरातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तोंड असं वाकडं केलं की मला हसू आलं. त्या पंधरवड्यात पहिल्यांदा.

“चांगलं आहे?” मी विचारलं.

“लय वाईट आहे. जाऊ दे त्याले.”

मग मी कुटार आणलं. एकशे एकोणपन्नास झाडांच्या बुडाशी हातानं पसरलं. वाकलेल्या चार झाडांना काठ्या दिल्या. एका पानावरची अळी काढली. पुन्हा पहिल्या झाडापाशी आलो, कुटार उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं. दुसऱ्याचंही पाहिलं.

“बावा, आणखी काय करू?”

“त्याईच्याकडं पाठ फिरव.”

“काहून?”

“कोणी पाहत बसलं की पिताना लाजतात.”

“झाडं?”

“मंग काय मी?”

मी पाठ फिरवली. त्यांच्यासाठी त्या दिवशी तेवढंच करायचं राहिलं होतं. बांधावर बसलो, तोंड रस्त्याकडे करून. बावा शेजारी येऊन बसले, पण त्यांनी तोंड तिसरीकडेच केलं, विहिरीकडे. मागे पाणी मातीत जिरत होतं, बारीक बुडबुड आवाज करत. तो आवाज ऐकता ऐकता मी बकरीनं चावलेल्या बाहीनं डोळे पुसले, पुन्हा पुसले. मी घाईनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं,

“किती वेळ असं बसायचं? त्याईचं पिऊन होईपर्यंत?”

बावांनी मान वळवली नाही.

“नाई. तुहं होईपर्यंत.”