कांद्याच्या रानातला मेळावा

कांद्याच्या मुलखात करंजवाडी नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात लुदियाबाई उजगरे नावाची एक भारी खटपटी बाई राहत होती. गावात दगडी भिंतींचं एक छोटं चर्च होतं. त्या चर्चच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. बाई बोलायला लागली की पाळकसाहेबसुद्धा चष्मा पुसत बसायचे. कधीकाळी लुदियाबाई गावातल्याच कौसाबाईच्या मजूर टोळीत कांदे कापायला जायची. पुढे नवऱ्याला शाळेत नोकरी लागली, घरावर स्लॅब पडला आणि विळा सुटला. आता ती कडक इस्त्रीची साडी नेसायची. टोळीतल्या दिवसांची आठवण कुणी काढलीच, तर चटकन दुसरा विषय काढायची.

त्या वर्षी पंचक्रोशीतल्या सगळ्या चर्चच्या मंडळ्यांचा भगिनी मेळावा पहिल्यांदाच करंजवाडीला मिळाला. लुदियाबाईला आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं मोठ्या गावांच्या मेळाव्यांत आपल्या बायका मागच्या सतरंजीवर बसल्या. यंदा त्या पुढे बसतील, यजमानीण म्हणून मिरवतील, असं तिनं मनात धरलं होतं. तिनं मांडव ठरवला, खुर्च्या ठरवल्या, गायक मंडळातल्या बायकांना एकसारख्या गुलाबी साड्या घ्यायला लावल्या. पुण्याहून हेलनबाई ओहोळ यांना वक्त्या म्हणून बोलावलं. हेलनबाईंना सवड होती ती नेमकी ऐन कांदे काढणीतल्या एका गुरुवारी. लुदियाबाईनं लगेच तोच दिवस पक्का केला.

पाळकीणबाईंनी भीतभीतच विचारलं, “लुदियाबाई, तारखेचं आपल्या बायकांना विचारलंत ना?”

“त्यांना काय विचारायचं? बोलावलं की येतात,” लुदियाबाई म्हणाली.

तिनं घरोघर निरोप धाडले. बायका हसून म्हणाल्या, “बघू बाई.” आता खेड्यात ‘बघू बाई’ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून माणूस ‘बघू’ म्हणतो. पण लुदियाबाई ते पार विसरून गेली होती. तिला तो होकारच वाटला.

गुरुवार उजाडला. मांडव झकास सजला होता. कमानीला झेंडूच्या माळा, स्टेजवर गुलाबी पडदा, आचाऱ्याच्या चुलीवर बुंदीचा घाणा. पुण्याची गाडी आली. हेलनबाई उतरल्या, त्यांच्याबरोबर विभागाच्या चिटणीसबाई आणि चारपाच पाळकीणबाई उतरल्या. सलाम झाले, हार झाले. आणि मांडवात पाहावं तर काय! पुढच्या रांगेत गावातल्या थकलेल्या आज्या तेवढ्या बसलेल्या. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या. गायक मंडळाची पेटी होती, तबला होता, गुलाबी साडी एकही नव्हती.

लुदियाबाईनं कपाळावर हात मारला. एवढ्या हौसेनं मागून घेतलेला मेळावा, आणि त्यात आपल्याच गावच्या बायका नाहीत! उद्या पंचक्रोशी हसेल, आणि पुन्हा कुणी करंजवाडीचं नाव घेणार नाही.

मंडळीचे पंच दाविदराव तिच्या कानाशी लागले. “घाबरू नका. शाळेतली पोरं आणि आमची पुरुषमंडळी आणून बसवतो. मागून फोटो काढले की कुणाला काही कळत नाही.”

“अहो, भगिनी मेळावा आहे ना हा!” लुदियाबाई कडाडली, आणि तरातरा ओढ्यापलीकडच्या रानाकडे निघाली.

रानात कौसाबाईची अख्खी टोळी बसली होती. उपटून वाळवलेल्या कांद्यांचे ढीग, आणि प्रत्येक ढिगाभोवती बायका. कांद्यांच्या वाळल्या पाती छाटत विळे सपासप चालले होते. त्यातल्या निम्म्याअधिक तर महिला मंडळातल्याच. लुदियाबाई थेट कौसाबाईपुढे जाऊन उभी राहिली.

“काय गं कौसा, नाक कापलंस ना माझं? पाहुणे मांडवात बसलेत आणि तुम्ही इथं?”

कौसाबाईनं विळा थांबवला नाही. “लुदिया, आम्हाला काय उन्हात बसायची हौस आहे? हे रान एकट्या बाईचं आहे. आज मोकळं करून देते म्हणून शब्द दिलाय. वर बघ, आभाळ कसं आलंय. उघड्यावर माल भिजला तर सडेल तो. मग ती बाई काय करेल?”

“मला आधी सांगायचं नाही का?”

“तू कधी विचारलंस?” कौसाबाई म्हणाली. “आमच्यात बसत होतीस तेव्हा तुला विचारावं लागत नव्हतं. तुला आपोआप कळायचं.”

लुदियाबाईला ते फार लागलं. ती तशीच मागे फिरली. ओढ्यापाशी येऊन मटकन खडकावर बसली आणि रडली. आधी रागानं रडली, मग लाजेनं. दाविदरावांचं ऐकलं तर आजची वेळ निभावून जाईल, हे तिला ठाऊक होतं. फोटो निघतील, हेलनबाईही काही बोलणार नाहीत. पण मग मेळावा कुणाचा झाला? आणि खरं काय ते सांगायचं ठरवलं, तर पाहुण्यांसमोर हेही सांगावं लागेल की आपणही त्या टोळीतल्याच. तिनं डोळे मिटून दोन शब्दांची प्रार्थना केली, पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

मांडवात येऊन ती सरळ हेलनबाईंपुढे उभी राहिली. “बाई, चूक माझी आहे. तारीख मी तुमच्या सवडीनं धरली. ज्यांच्यासाठी मेळावा, त्यांना विचारलंच नाही. त्या तिकडे कांदे कापतायत. मीसुद्धा त्याच टोळीतली. मी चालले त्यांना हात द्यायला. तुम्ही जेवून घ्या, आराम करा. त्या मोकळ्या झाल्या की मेळावा भरेल. तुम्हाला परत जायचं असेल तर माझी तक्रार नाही.”

चिटणीसबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. हेलनबाई मात्र हसल्या. “बुंदी काय, संध्याकाळीही गोडच लागेल. चला, मलाही विळा द्या.”

आणि काय सांगावं! अध्यक्षबाई पुढे, मागे पुण्याच्या वक्त्या, त्यांच्या मागे पाळकीणबाई, आणि सगळ्यांत शेवटी तोंड पाडून चिटणीसबाई, अशी वरात ओढा ओलांडून रानात उतरली. लुदियाबाईनं इस्त्रीच्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि कौसाबाईच्या शेजारी फतकल मारून बसली.

“सरक गं जरा,” ती म्हणाली. “चुकलं माझं. तुला विचारायला पाहिजे होतं.”

कौसाबाईनं तिच्याकडे एकवार पाहिलं. मग आपला दुसरा विळा तिच्या हातात दिला. लुदियाबाईचा हात असा चालायला लागला की टोळीतल्या पोरी बघतच राहिल्या. “अगं बाई, अध्यक्षीणबाई तर आपल्या सगळ्यांना मागे टाकतायत!” एकीनं टाळी दिली, आणि सगळ्या खदखदून हसल्या. लुदियाबाईही हसली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती.

हेलनबाईंना कांदा झोंबला. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक लाल झालं. पण बाई हटल्या नाहीत. गायक मंडळातल्या एकीनं गाणं उचललं, बाकीच्यांनी साथ धरली. पेटी नाही, माईक नाही, तरी आवाज थेट शेजारच्या रानांत गेला. तिथल्या टोळ्यांतल्या बायका उठून बांधावर आल्या. त्याही निरनिराळ्या गावांच्या मंडळ्यांमधल्याच होत्या, आणि कांद्यापायीच अडकल्या होत्या. कौसाबाईनं बसल्या जागेवरून त्यांना हाळी दिली, “हात उचला गं! तुमचं आवरलं की मांडवात या. मेळावा आता संध्याकाळी आहे!”

दुपार कलली तेव्हा रान मोकळं झालं होतं. शेवटचे पाटीभर कांदे साठवणीच्या चाळीत पडले आणि रानाच्या मालकिणीनं प्रत्येकीच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. “तुमच्या मेळाव्याला मी आले तर चालेल का?” तिनं विचारलं. लुदियाबाईनं तिचा हात धरला आणि तिलाही बरोबर घेतलं.

उन्हं उतरली तशी चारी वाटांनी बायका यायला लागल्या. कुणी गुलाबी साडी नेसून आली, कुणी रानातल्या कपड्यांतच. कांद्याचा वास साऱ्या मांडवात भरला. खुर्च्या पुरेनात, सतरंज्या पुरेनात, तेव्हा दाविदरावांनी धावत जाऊन आपल्या घरातली ताडपत्री आणली. पुढच्या रांगेत करंजवाडीच्या बायका ताठ मानेनं बसल्या होत्या. गाणं सुरू झालं आणि मांडवाचं कापड थरारलं. हेलनबाईंनी लिहून आणलेलं भाषण पर्समध्येच ठेवलं आणि बायकांशी बोलल्या. बोलताना त्यांचे डोळे अजून वाहत होते. कांद्यानं की आनंदानं, कुणी विचारलं नाही. लुदियाबाई मात्र पदर डोळ्यांना लावून उघड उघड रडत होती. असा मेळावा पंचक्रोशीत झाला नव्हता, हे चिटणीसबाईंनीही मान्य केलं.

शेवटी चिटणीसबाई माईकपाशी आल्या. “पुढच्या वर्षीचा मेळावाही करंजवाडीतच भरावा, अशी सगळ्यांची इच्छा दिसते. अध्यक्षबाई, तारीख सांगा.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लुदियाबाई उठली. तिनं माईक हातात घेतला, स्टेजवरून खाली उतरली आणि तो कौसाबाईच्या तोंडापुढे धरला.

“कौसा, तू सांग. कधी ठेवायचा?”

कौसाबाई जन्मात माईकवर बोलली नव्हती. ती उभी राहिली, घसा खाकरला आणि म्हणाली, “कांदे चाळीत पडू द्या. मग आम्ही येऊ. आणि बघू-बिघू नाही, नक्की येऊ!”

तात्पर्य: ज्यांच्यासाठी मांडव घालायचा, त्यांची सोय आधी विचारावी. विचारायचं राहिलंच, तर रुसून बसू नये. चूक कबूल करून त्यांच्या कामाला हात लावावा, म्हणजे माणसं आपणहून मांडवात येतात.