पाच झाकलेल्या वाट्या

कुमुदकाकूंच्या मेसमध्ये गेम कंपनीचे मालक सबनीस महिना भरून जेवत. एकदा ते ऐटीत म्हणाले, “आमच्या गेमला महिन्याची वर्गणी आहेच, शिवाय गेममध्ये बंद पेट्याही विकतो. तलवार निघेल की दगड, ते ज्याचं त्याचं नशीब. लोक हौसेनं घेतात!”

काकूंच्या लेकीचा निम्मा पगार त्याच पेट्यांत जायचा.

दुसऱ्या दिवशी सबनीसांपुढे रिकामं ताट आणि झाकलेल्या पाच वाट्या आल्या.

“वाटीचे वीस रुपये. एकीत आमटी आहे, बाकीच्यांत पाणी,” काकू म्हणाल्या.

“अहो, मी महिना भरलाय!”

“तो बाकावर बसायचा, साहेब. जेवण हौसेनं घ्या.”

सगळी मेस हसली. ओशाळलेल्या सबनीसांनी तिथूनच ऑफिसला फोन करून पेट्या बंद करवल्या, तेव्हा कुठे काकूंनी आमटीभात वाढला, वर तूप सोडलं.

“तुपाचे किती?” सबनीसांनी भीत भीत विचारलं.

“ते महिन्यातच धरलंय,” काकू म्हणाल्या.